अर्धं मोठं की तिसरा हिस्सा

त्या उन्हाळ्यात पाणी इतकं खोल गेलं की विहिरीत डोकावणाऱ्याला तळाशी नुसता ओला दगड दिसायचा. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच भाषा, आणखी दहा फूट, आणखी पंधरा फूट. अशा वर्षी विहीर खणणाऱ्याला मरायलाही सवड नसते. गावात सगळे त्याला विहीरवाला म्हणूनच ओळखायचे. त्याने पाच जणांना शब्द देऊन ठेवला होता आणि पहिलीच विहीर, बागवाल्याची, त्याचा घाम काढत होती. वरचा मुरूम भराभर निघाला, पण चाळीस फुटांखाली काळा दगड लागला. पहार मारली की ठिणगी उडायची, दगड नाही.

विहीरवाल्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. बाकीची दोन त्याने तरुणपणी स्वतःच्या उतावळेपणाने घालवली. सुरुंगाला वात लावून वर आला, आवाज झाला नाही, थोडा वेळ थांबला आणि विझली असेल वात म्हणून पुन्हा दोराला लटकला. निम्म्यात असताना खालून दगड आला. तेव्हापासून त्याचा एक नियम होता. सुरुंग भरले की किती भरले ते मोजायचं, उडाले की किती उडाले ते मोजायचं, आणि आकडा जमला नाही तर दोन तास विहिरीच्या तोंडाकडे कुणी फिरकायचं नाही. बांधामागे बसायचं. मग राजा आला तरी त्याने बांधामागेच बसायचं.

घरात कामाची माणसं चार. तो आणि त्याचा मेहुणा तळाशी घण आणि छिन्नी घेऊन. वर काठाला यारी, म्हणजे तीन पायांचा लाकडी सांगाडा, त्यावर चाक, चाकाला दांडा. दांडा फिरवला की दगडांनी भरलेली बादली वर येते. बारा वर्षं हा दांडा त्याच्या बायकोच्या हातात होता. गेल्या महिन्यात भरल्या बादलीने उलटा हिसका दिला आणि तिचा खांदा निखळला. खांदा बसवला, पण हात कानाच्या वर जाईना. मग दांडा आला थोरल्या लेकीच्या हातात.

थोरली अध्यापक विद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. शेवटचा एक महिना कुठल्यातरी शाळेवर जाऊन खरं शिकवायचं असतं. तिने आपल्याच गावची शाळा मागून घेतली, घरी मदत होईल म्हणून. मदत झालीच. उजाडायच्या आत उठून सात वाजेपर्यंत यारी, मग तोंडावर पाणी मारून साडेसातची शाळा, साडेअकराला सुटली की जेवून पुन्हा यारी, दिवस मावळेपर्यंत. चार दिवसांत तळहातांना फोड आले, आठव्या दिवशी फुटले. चिंध्या गुंडाळून ती दांडा फिरवायची. शाळेत गेल्यावर चिंध्या सोडून खडू धरायची आणि फळ्यावरची अक्षरं वाकडीतिकडी यायची. पहिलीची पोरं तिला विचारायची, बाई, तुम्हाला पण नीट लिहिता येत नाही का.

बापाला या शिक्षणाचं मुळातच कौतुक नव्हतं. बायकोने हट्ट धरला म्हणून त्याने पोरीला पाठवलं होतं. मास्तर म्हणजे काय ते तो गावात रोज बघत होता. शाळेतला म्हातारा मास्तर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वही घेऊन दारोदार फिरायचा. कधी मतदारांची यादी, कधी कुणाकडे संडास आहे, कधी कुणाकडे किती शेळ्या. कुत्री भुंकायची, बायका आतूनच सांगायच्या की मालक घरी नाहीत. रस्त्यात कुणीही अडवून अर्ज लिहून घ्यायचा. विहिरीची आखणी झाली त्या दिवशी मास्तर शेळ्या मोजत तिथे पोचला, तर बागवाल्याने त्याच्याच हातात मापाचा दोर दिला. "धरा हो मास्तर, नाहीतरी तुम्हाला काय काम असतं." मास्तर वही काखेत मारून दोर धरून उभा राहिला. सगळे हसले. विहीरवालाही हसला. थोरली यारीचा दांडा पुसत होती, ती हसली नाही.

"तुझी पोरगी पण हेच होणार ना?" बागवाला म्हणाला. "माझ्या पंपावर बसव त्यापेक्षा. सावलीत तरी राहील."

विहीरवाल्याला ते लागलं, पण राग बागवाल्याचा आला नाही. राग आला पोरीचा आणि तिच्या आईचा.

त्यात पहिला तपासणीचा पाठ पडला. विद्यालयातल्या मॅडम येऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या, कडक इस्त्रीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. थोरलीने आठवडाभर टाचण काढलं होतं, कोणतं वाक्य कधी बोलायचं इथपर्यंत. पण प्रश्न विचारला की तिला धीर निघेना. वर्ग गप्प झाला की ती स्वतःच उत्तर सांगून मोकळी व्हायची. असं नऊ वेळा झालं. मॅडमनी मोजलं होतं. वहीत लिहून दिलं, "प्रश्न मुलांना विचारते, उत्तर स्वतः देते. थांबत नाही. पाठ नापास." गुरुवारी पुन्हा एक पाठ. तो गेला तर वर्ष गेलं.

संध्याकाळी तिने हे आईला सांगितलं. मेहुण्याने ऐकलं आणि दोराला गाठ मारता मारता म्हणाला, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, बापावर गेलीय पोर. एरवी ती मामाला उलट बोलली असती. त्या दिवशी तिने नुसती टाचणाची वही मिटली.

विहीरवाल्याने तेवढ्यात सोक्षमोक्ष लावून टाकला. "गुरुवारी सुरुंग लावायचेत. यारीला माणूस पाहिजे. तू शाळेत जायचं नाहीस."

"बाबा, गुरुवारीच पाठ आहे."

"आहे तर असू दे. नापास होऊन वर्ष घालवायचं, त्यापेक्षा आत्ताच घालव. आणि पास होऊन तरी काय? दारोदार शेळ्या मोजशील."

थोरली रडली नाही. हातावरच्या चिंध्या सोडून, धुऊन, वाळत घातल्या. तिच्या आईने दुखऱ्या खांद्यावरचा पदर बाजूला केला आणि शांतपणे म्हणाली, "गुरुवारी यारीला मी उभी राहीन. एका हाताने फिरवीन. पोर शाळेत जाईल." मग नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "गेला पाठ, तर मीच तिला घरी बसवीन. पण द्यायचा तर तिने देऊ दे."

बायको उभ्या संसारात त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. तो घण घेऊन उगीचच धार बघत बसला, घणाला कुठली धार.

गुरुवारी उन्हं चढायच्या आत तिघे विहिरीवर पोचले. बायकोने एका हाताने दांडा फिरवला, दुसरा हात पोटाशी धरून, आणि प्रत्येक बादलीला तिच्या तोंडून हुंकार निघत होता. विहीरवाला खालून ते ऐकत होता. चिडून चिडून त्याने तीन भोकं आणखी खोल केली, दारू ठासली, वाती जोडल्या. नेहमीसारखं शाळेत कळवून झालं होतं. शाळा बांधापलीकडे, हाकेच्या अंतरावर. सुरुंगाच्या वेळी पोरं वर्गातच ठेवायची, एवढंच मास्तरला सांगायचं असे.

वाती पेटवून तो वर आला. तिघे बांधामागे बसले. एक उडाला. दोन उडाले. तिसऱ्याचा आवाज नाही.

मेहुण्याने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. दोन तास. कपाळावर हात मारून घ्यायचंही त्याला सुचलं नाही, कारण तेवढ्यात दुसरंच आठवलं. दोन आवाज झाले म्हणजे सुरुंग संपले असं मास्तर धरणार, आणि नऊ वाजता शाळेची मधली सुट्टी. पोरं पाणी प्यायला याच बाजूला धावतात. बायकोला आणि मेहुण्याला, उठाल तर तंगडी मोडीन, असा दम देऊन तो बांधाच्या आडोशाने शाळेकडे धावला.

मास्तर व्हरांड्यात पाण्याच्या माठाशी उभा होता. विहीरवाल्याने धापा टाकत सांगितलं. मास्तरने लगेच व्हरांड्याचं त्या बाजूचं दार लावून घेतलं आणि आतल्या वर्गाकडे बोट दाखवलं. आत तपासणी चालू आहे, मॅडमना कळवायला हवं, पण पाठ तोडायचा नाही, सुट्टीच्या आत दारातून खुणेने सांग. मग तो दुसऱ्या वर्गाकडे वळला.

विहीरवाला तिसरीच्या दारात गेला. कपड्यांवर दगडाची पांढरी धूळ, हातात घाम पुसायचं फडकं. मागच्या बाकावरच्या मॅडमनी त्याच्याकडे बघितलं आणि तळहात वर केला. थांबा. तो थांबला. दुसरं करणार काय?

थोरली फळ्यापाशी उभी होती. फळ्यावर दोन सारख्या पट्ट्या काढलेल्या. एकीचे दोन भाग, एकीचे तीन. तिने बापाकडे बघितलंच नाही. "आता सांगा," ती म्हणाली, "अर्धं मोठं, की तिसरा हिस्सा मोठा?"

हे म्हणत असतानाच तिने फडक्याने फळ्यावरच्या पट्ट्या पुसून टाकल्या. विहीरवाल्याला वाटलं, ही घाबरली, चुकून पुसलं. पण तसं नव्हतं, पोरांनी बघून नाही तर विचार करून सांगावं म्हणून तिने मुद्दाम पुसलं होतं.

पुढच्या बाकांवरून गलका झाला. तिसरा, तिसरा. तीन मोठे, दोन लहान. एक पोरगा तर उभाच राहिला. थोरली हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिने हाताने सगळ्यांना बसवलं आणि खिडकीपाशी एकटीच बसलेल्या एका मुलीकडे वळली. ती मेंढपाळाची पोर होती. केस राठ, फ्रॉक थोरल्या बहिणीचा, पार घोट्यापर्यंत आलेला. विहीरवाल्याने तिच्याबद्दल घरी ऐकलं होतं. वर्ष संपत आलं तरी तिने वर्गात एक शब्द काढलेला नव्हता. हजेरीला नुसता हात वर करायची.

"तुला काय वाटतं?" थोरलीने विचारलं.

पोर उभी राहिली. खाली बघितलं. पायाचा अंगठा फरशीवर घासू लागली.

विहीरवाल्याला सवयीने आकडे सुरू झाले. वात पेटली की तो असाच मोजायचा. एक, दोन, तीन. पाचाला पुढच्या बाकावरची पोरं कुजबुजली, तिला येत नाही बाई, ती बोलत नाही. थोरलीने त्यांच्याकडे न बघता तळहात उभा धरला. फोडांच्या जागी सालं निघून लालभडक झालेला तो हात त्याने पहिल्यांदाच नीट बघितला. दहा. अकरा. मॅडमची लेखणी वहीवर थांबलेली. पंधरा.

उत्तर विहीरवाल्याला माहीत होतं. दोघांचा डबा तिघांत वाटला की कुणालाही कळतं, त्याला शाळा कशाला पाहिजे. उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. त्या पोरीला नुसतं खुणावलं असतं तरी भागलं असतं, थोरली पास झाली असती. त्याने फडकं दातांत धरलं. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्यापेक्षा थोरलीला हे उत्तर जास्त चांगलं माहीत आहे. ते तिच्याही ओठांवर आहे. परवा नऊ वेळा ते सुटून गेलं होतं. आज ती ते धरून उभी आहे. गळ्याची शीर फुगलीय, मानेवरून घाम ओघळतोय, आणि तोंडावर मात्र असा भाव की जगात दुसरं काही काम नाही, तू सांग, मला ऐकायचंय. भरलेली बादली चाळीस फुटांवर नुसती धरून ठेवताना तिचे खांदे असेच दिसायचे. ओढणं सोपं असतं. धरून ठेवणं जड. एवढं जड काम त्याने जन्मात केलं नव्हतं आणि कुणी करताना बघितलं नव्हतं.

तीस. एकतीस.

तेवढ्यात तिसरा सुरुंग उडाला.

खिडक्या खडखडल्या, छपराची माती फळ्यावर सांडली, पोरं किंचाळून बाकांखाली गेली. मॅडमची लेखणी हातातून पडली. अशा वेळी विहीरवाल्याने काठाकडे धाव घ्यायची, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. तो जागचा हलला नाही. कारण थोरली हलली नव्हती. आवाजाने तिचे डोळे एकदा मिटले आणि उघडले, पण उघडले ते त्याच पोरीवर. ती एक पाऊल पुढे गेली, पोरीपुढे उकिडवी बसली आणि पुन्हा तशीच बघत राहिली, प्रश्न अजून तुझाच आहे अशी.

मेंढपाळाच्या पोरीने आधी खिडकीबाहेरच्या धुरळ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. बाई अजून आहेतच.

"अर्धं," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक की पोरं बाकांखालून डोकी वर काढून ऐकू लागली.

"का गं?"

पोरीने घोट्यावरचा फ्रॉक आणखी खाली ओढला. "पांघरूण आहे ना आमचं. मी आणि ताई होतो तेव्हा पुरायचं. मग बाळ झालं. आता तिघं. आता पाय उघडे राहतात."

बाकांखालची पोरं एकेक करून वर आली. मग मघाशी उभा राहिलेला पोरगा स्वतःशीच म्हणाला, हां, वाटेकरी वाढले की कमी येतं. दुसरा म्हणाला, मग चौथा हिस्सा अजून लहान. तिसरा म्हणाला, दहावा तर एवढुस्सा. बघता बघता सगळा वर्ग बोटांनी हवेत हिस्से दाखवू लागला, आणि थोरलीने उत्तर म्हणून एक शब्दही सांगितला नव्हता. विहीरवाल्याच्या अंगावर काटा आला. चाळीस फूट दगड फोडून पहिला झरा लागतो तेव्हा त्याच्या अंगावर असाच काटा यायचा, पण तो झरा दगडातला. हा माणसातला होता, त्याच्याच पोरीने काढलेला, आणि त्याला तो बघायला मिळाला होता. त्याला लाज वाटली आणि अभिमान वाटला, दोन्ही एकदम.

घंटा झाली. मॅडम वही घेऊन दारात आल्या. त्यांनी त्याच्या धुळीकडे, बोटांकडे, दातांतल्या फडक्याकडे बघितलं आणि काय निरोप होता म्हणून विचारलं. त्याने फडकं काढून सांगितलं, एक सुरुंग राहिला होता, पोरांना बाहेर सोडू नका. आता उडाला. आता सोडा.

"तुम्ही हिचे वडील?"

तो हो म्हणाला.

मॅडमनी वही उघडली. "टाचणात पाच उदाहरणं होती, एकच झालं. नियमाने हा पाठ अपुरा." विहीरवाल्याने एकदा आत थोरलीकडे बघितलं. "पण मी बावीस वर्षं पाठ तपासतेय. पाच उदाहरणं सगळेच करतात. पास केलंय मी तिला." आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून त्या तो विनाकारण पुसत राहिल्या.

आत थोरलीभोवती पोरांचा गराडा पडला होता. मेंढपाळाची पोर तिला काहीतरी सांगत होती, थांबायचं नाव घेत नव्हती. थोरलीने पोरांच्या डोक्यांवरून बापाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत विचारणं होतं, आई कशी आहे, यारीला येऊ का. त्याने हातानेच नको म्हटलं. मग तेवढ्याने भागणार नाही असं वाटून दारातूनच म्हणाला, "आता यारीला तू यायचं नाही. उद्याही नाही. मी बघतो." यारीला तो स्वतः उभा राहणार होता आणि मेहुणा एकटा खाली. काम निम्म्यावर येईल. बागवाला बोंब मारील. मारू दे.

व्हरांड्यात मास्तर लावलेलं दार उघडत होता. काखेत शेळ्यांची वही, छत्री भिंतीला. शाळा सुटल्यावर त्याला पलीकडच्या वस्तीवर मोजणीला जायचं होतं. विहीरवाल्याला एरवी त्याच्याशी बोलण्यासारखं काही नसायचं. आज पाय निघेना.

"मास्तर," तो म्हणाला, "असं थांबायचं पोरांसाठी... हे तुम्हीपण करता?"

"करायचं असतं," मास्तर म्हणाला.

"किती वर्षं?"

"तेहतीस झाली. पुढच्या साली सुटलो." मास्तरने कडीचा गंज नखाने खरवडला. "काही बोलतात. काही बोलत नाहीत. तू बोलला नव्हतास."

विहीरवाल्याला आधी कळलंच नाही.

"माझं पहिलंच वर्ष. तू याच वर्गात, खिडकीपाशी. उभा राहिलास, बाकाचा कोपरा नखाने कुरतडत. मी थांबलो. सुट्टीची घंटा झाली. म्हटलं, उद्या सांग. दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. तुझा बाप तुला विहिरीवर घेऊन गेला."

"काय विचारलं होतं?"

"ते नाही आठवत," मास्तर म्हणाला. "तुझं तोंड आठवतं. येत होतं तुला उत्तर."

बाहेर पोरं माठाशी पाण्यासाठी ढकलाढकली करत होती. विहीरवाल्याला काहीतरी बोलायचं होतं. तो त्या म्हाताऱ्यासमोर नुसता उभा राहिला, तीन बोटांनी फडकं पिळत.

मास्तरला उशीर होत होता. सुट्टी संपत आली होती. पण तो गेला नाही, काही सुचवलं नाही, घाई केली नाही. वही काखेत धरून, मान किंचित पुढे करून, त्याच्याकडे बघत थांबला.

बराच वेळ गेला.

"गुरुजी," विहीरवाला म्हणाला. त्यापुढे त्याला बोलवलं नाही, आणि गुरुजींनी मान डोलावली.